ऑक्टोनियनच्या गुणाकारात चिन्ह का बदलतं?

तुम्ही विचारलंय की क्वाटर्नियनचं (चार घटकांच्या संख्यांचं) सगळं जमतं, पण स्वतः लिहिलेला ऑक्टोनियनचा (आठ घटकांच्या संख्यांचा) प्रोग्रॅम तीन संख्यांच्या गुणाकाराला कधी अधिक उत्तर देतो, कधी उणे. बग कुठे शोधू आणि लायब्ररी कोणती घेऊ?

बग शोधू नका, बहुतेक तो नाहीच. कंस कुठे टाकला ते बघा. याच उणे चिन्हापायी एमएस्सीच्या सेमिनारला माझे मार्क कापले गेले होते, म्हणून थोडं लांबेल.

दिवाळीला गावी होतो, दारव्हा तालुक्यात. घर कापसानं भरलेलं आणि रात्री लाइन नाही. ओसरीत कंदिलापाशी खडूनं त्रिकोण काढला, त्याच्या मध्यगा काढल्या, आत वर्तुळ, आणि सात सरक्या मांडल्या: तीन कोपऱ्यांवर, तीन बाजूंच्या मध्यावर, एक मधोमध. ही फॅनोची आकृती. वर्तुळ धरून सात रेषा, प्रत्येकीवर तीन सरक्या. आई उठून आली, म्हणाली, "काहून जागून राह्यला रे बाप्पा, सरकीसंग काय खेयतं?"

सात सरक्या म्हणजे ऑक्टोनियनची सात एककं, इ१ ते इ७ (आठवा घटक साधा आकडा), आणि एका रेषेवरच्या तिघांचं एक त्रिकुट. गुणाकाराचा तक्ता असा: इ१ × इ२ = इ४, मग तिन्ही आकडे एकेकानं वाढवत जायचे, सातानंतर पुन्हा एक. त्रिकुट चक्राकार फिरवलं तरी चालतं, दोघांची अदलाबदल केली की उणे, आणि प्रत्येकाचा वर्ग उणे एक. आता (इ१इ२)इ३ काढा. ते इ४इ३, म्हणजे उणे इ६. आणि इ१(इ२इ३) म्हणजे इ१इ५, म्हणजे अधिक इ६. आकडे तेच, क्रम तोच, फक्त कंस सरकला. कापसाच्या काटापट्ट्यांच्या (वजनाच्या पावत्यांच्या) कोऱ्या बाजूवर दोन रात्री बसून एकूण ३४३ त्रिकुटं तपासली. १६८ ठिकाणी चिन्ह उलटतं, बाकी ठिकाणी नाही.

सेमिनारला फळ्यावर हेच मांडलं. सरांनी डस्टरनं उणे चिन्ह पुसलं. "गुणाकारात कंस कुठेही टाकता येतो. तुझी आकडेमोड चुकली." मी पट्ट्या पुढे केल्या, त्या त्यांनी उघडल्याही नाहीत. ग्रेव्ह्ज या गणितज्ञाला ऑक्टोनियन सुचले डिसेंबर १८४३ मध्ये, आणि त्यांना साहचर्य नियम (कंस सरकवला तरी उत्तर तेच) लागू नाही हे गणितज्ञ हॅमिल्टननं १८४४ मध्येच दाखवलं होतं. एवढी जुनी गोष्ट एका पोराची चूक म्हणून पुसली गेली, ते मला अजून लागतं.

आता मी शिकवतो तेव्हा वखरणी आधी की पेरणी आधी, हे उदाहरण इथे देत नाही. ते क्रमाचं आहे, आणि क्रमाचा प्रश्न क्वाटर्नियनमध्येच येऊन गेला. कंसाचा प्रश्न वेगळा आहे. म्हणून 'गुणाकार(अ, ब, क)' असं फंक्शन लिहूच नका, दोन-दोनाचंच लिहा. मॅट्रिक्सनं काम भागवायचा मोहही टाळा. डावीकडून गुणण्याची ८×८ मॅट्रिक्स बनते, पण तशा दोन मॅट्रिक्सचा गुणाकार म्हणजे त्या दोन ऑक्टोनियनच्या गुणाकाराची मॅट्रिक्स नव्हे, कारण मॅट्रिक्स साहचर्य पाळतात.

तपासणीला दोन गोष्टी पुरतात. कोणतेही दोन ऑक्टोनियन घ्या: गुणाकाराची लांबी (घटकांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ) ही लांब्यांचा गुणाकार आली पाहिजे, आणि अ(अब) हे (अअ)ब शी जुळलं पाहिजे, कारण दोनच ऑक्टोनियन गुंतलेले असतील तर कंस कुठेही चालतो. लांबीचा हा नियम १, २, ४ आणि ८ मितींतच टिकतो, हे गणितज्ञ हुर्विट्झनं १८९८ मध्ये सिद्ध केलं. सोळा घटकांच्या सेडेनियनमध्ये शून्य नसलेल्या दोन संख्यांचा गुणाकारही शून्य येऊ शकतो, तिकडे भागाकार करायला जाऊ नका.

लायब्ररी म्हणाल तर सी प्लस प्लसच्या बूस्टमध्ये ऑक्टोनियन तयार आहे. पण एककांच्या गुणाकाराचे ४८० वेगवेगळे तक्ते होतात आणि सगळे बरोबर असतात. लायब्ररीचा तक्ता तुमच्याशी जुळतो का, ते आधी हातानं पडताळा. कोणी चूक म्हटलं तर तो तक्ता पुढे ठेवा आणि चिन्ह पुसू देऊ नका.

हो, आणि काम ड्रोनच्या किंवा मोबाइलच्या दिशेचं असेल तर ऑक्टोनियन लागत नाही, क्वाटर्नियन पुरतो. हे आधीच सांगायला हवं होतं.