गॅरेजचा फळा : पेट्रोलात पाणी शिरलं, मोटर मधेच बंद पडते

प्रश्न : राम राम भाऊ. आमची लहान नाव चांगदेवला, तापी-पूर्णेच्या संगमाजवळ असते. हतनूरच्या फुगवट्यात जाळी टाकायला जातो. नावेला पाच हॉर्सपॉवरची टू-स्ट्रोक मोटर आहे. पावसाळ्यात टाकीत पाणी गेलं असावं. दोरी ओढली की मोटर सुरू होते, चोक ओढलेला असेपर्यंत चालते, चोक सोडला की फडफडून बंद. एका गॅरेजात कार्बोरेटर धुऊन घेतला. थोडे दिवस बरी चालली, पुन्हा तेच. नवा कार्बोरेटर घ्यावा का?
– एक मच्छीमार वाचक, चांगदेव, ता. मुक्ताईनगर

उत्तर : राम राम. नवा घेऊ नका, आधी टाकी पहा. कार्बोरेटर धुतला, पण पाणी टाकीत तसंच राहिलं, तर पहिल्या फेरीतच ते पुन्हा खाली उतरतं. तुमच्या बाबतीत हेच झालेलं दिसतं.

टाकीच्या तळातलं पेट्रोल काचेच्या स्वच्छ बाटलीत काढा आणि तासभर हलवू नका. पाणी पेट्रोलपेक्षा जड, ते खाली बसतं. आता पंपावरच्या पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. थोडं पाणी ते पोटात घेतं, पण प्रमाण वाढलं की इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळे होतात आणि तळाशी थर धरतात. मोटरीची नळी नेमकी तळातूनच ओढते. तुम्ही पेट्रोलात मिसळलेलं टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक मोटरीचं वंगण) त्या खालच्या थरात मिसळत नाही, ते वर पेट्रोलातच राहतं. म्हणजे तो थर मोटरीत गेला तर पिस्टन आणि बेअरिंग कोरडेच फिरतात. म्हणून बाटलीत रेघ दिसली तर वरचं पेट्रोलही वाचवू नका, इथेनॉल निघून गेल्यामुळे त्याची ताकद उतरलेली असते. सगळं काढून झाकणाच्या डब्यात भरा आणि जुनं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजात द्या. तापीत मात्र ओतू नका, त्याच पाण्यातली मासळी आपण विकतो.

टाकी, तळातली जाळी, नळी, हाताने दाबायचा रबरी फुगा आणि फिल्टर, सगळं ताज्या पेट्रोलने खंगाळून घ्या. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू पावसात उघडा राहतो का, तेही पहा. बहुतेक वेळा पाणी तिथूनच शिरतं, नाहीतर ओल्या नरसाळ्यातून.

आता कार्बोरेटर. काम उघड्यावर करा, आसपास बिडी-चूल नको. प्लगची टोपी काढा, किल-स्विचची (मोटर बंद करायच्या बटणाची) क्लिप काढा, पेट्रोलची नळी सोडवा. दांड्या आणि स्प्रिंग कुठे अडकलेत त्याचा मोबाइलवर फोटो घ्या. खाली परात ठेवा, कारण यातले भाग तांदळाएवढे असतात आणि वाळूत पडले की गेले.

कार्बोरेटरच्या तळाची, पेट्रोल साठणारी वाटी उघडली की तळ पहा. नुसते पाण्याचे मणी असतील तर पुसून, धुऊन भागेल. ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी किंवा पितळेवर हिरवट डाग असतील तर पूर्ण खोलावं लागेल. चोक ओढल्यावरच चालते, याचा अर्थ स्लो जेट (मंद चालीला पेट्रोल सोडणारा बारीक भोकाचा पितळी तुकडा) किंवा त्याची वाट तुंबली आहे. चोक हवा कमी करतो, म्हणून तुटपुंज्या पेट्रोलवरही मोटर तग धरते.

मिश्रणाचा स्क्रू काढण्याआधी तो हलक्या हाताने आत टेकवा आणि किती फेरे गेले ते लिहून ठेवा. बसवताना तेवढेच फेरे बाहेर. आवळून टेकवलात तर टोक आणि बैठक दोन्ही खराब होतात. जेट काढायला खाचेत घट्ट बसेल असाच स्क्रू-ड्रायव्हर घ्या, बारीक घेतला तर पितळेची खाच निसटते आणि जेट आतच अडकतो.

जेट उजेडाकडे धरा. भोक पूर्ण गोल दिसलं पाहिजे. आता कळकळीने सांगतो, त्यात सुई, पिन, क्लचची तार, असलं कडक काही घालू नका. पितळ मऊ असतं. भोक केसभर वाढलं की मोटर कायमची जास्त पेट्रोल पिते. कार्ब-क्लीनर मारा, थोडा वेळ मुरू द्या, नाही सुटलं तर वायरमधला तांब्याचा एकच धागा हळू फिरवा. स्प्रे मारताना चष्मा लावा, एका भोकात मारलेला फवारा दुसऱ्यातून सरळ डोळ्यात येतो. फ्लोट (वाटीतला तरंगता तुकडा) आणि रबरी ओ-रिंग त्या द्रवात बुडवू नका.

मग हवा. पंक्चरवाल्याकडे गेलात तर त्याला आधी कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी सोडायला सांगा. पावसाळ्यात त्या नळीतून हवेबरोबर पाणीही येतं, आणि ज्याच्यासाठी एवढं केलं तेच आपण पुन्हा आत घालतो. प्रत्येक वाटेतून हवा पलीकडे निघते का, बोट लावून पहा.

फ्लोट कानाशी हलवा, आत खळखळ वाजलं तर बदला. नीडलच्या (फ्लोटबरोबर वर-खाली होऊन पेट्रोल अडवणाऱ्या सुईच्या) टोकावर गोल चर पडली असेल तर तीही. वाटीचं गॅस्केट (सांध्यातून गळू न देणारी पातळ पट्टी) नवंच घाला.

नवं पेट्रोल कंपनीच्या पुस्तकात सांगितलेल्या प्रमाणात मिसळा. पुष्कळ टू-स्ट्रोक मोटरींना ५०:१ चालतं, म्हणजे ५ लिटरला १०० मिली ऑइल. पहिली चाचणी नदीत नको, पाण्याच्या ड्रममध्ये घ्या, पंख्यावरची आडवी पट्टी बुडालेली हवी. कोरडी चालवली तर थंडाव्याच्या पंपाचं रबर जळतं. बाजूच्या भोकातून पाण्याची धार येते का पहा. चोक सोडून मोटर निवांत चालली की मगच नावेला लावा. आणि वल्ही नावेत राहू द्याच. हतनूरचे दरवाजे उघडले की ओढ वाढते, तेव्हा बंद मोटर फार महागात पडते.

प्रश्न : केळीच्या बागेत गवत कापायचं टू-स्ट्रोक ब्रश कटर आहे. हीच रीत चालेल का?
– एक शेतकरी वाचक, रावेर

उत्तर : टाकी आणि पेट्रोलचं सगळं तसंच. कार्बोरेटर मात्र वेगळा. अशा यंत्रांत बहुधा वाटी-फ्लोट नसतो, पातळ पडदे असतात. पडदे आत असताना कॉम्प्रेसरची हवा मारू नका, फाटतात. पडदा हाताला कडक लागला किंवा चुरगळलेला दिसला तर दुरुस्तीचा किट आणून पडदे आणि गॅस्केट एकदमच बदला. जुना पडदा कोणत्या बाजूने आणि गॅस्केटच्या वर होता की खाली, ते काढतानाच पाहून ठेवा.