आधी कापलेला तुकडा दाखव

प्रिय मुली,

औषधाने पेशी अपॉप्टोसिसने, म्हणजे ठरवून, मरतात का ते बघताना वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनं आकारानुसार वेगळी करून अँटिबॉडीने ओळखायची चाचणी) कॅस्पेज-३ ची, म्हणजे हे मरण घडवणाऱ्या एन्झाइमची, पट्टी दिसत नाही म्हणून तू अँटिबॉडी बदललीस, आता आणखी एक मागवते आहेस. थांब. पेशी कुठल्या आहेत? एमसीएफ-७. स्तनाच्या कर्करोगाच्या या पेशींत कॅस्पेज-३ च्या जनुकातला ४७ बेसजोड्यांचा भाग गळालेला आहे. एन्झाइम बनतच नाही. हे १९९८ मध्ये छापून आलंय. अँटिबॉडीला कशाला बोल लावतेस?

पण म्हणून 'अपॉप्टोसिस झाला नाही' असं लिहून मोकळी होऊ नकोस. त्याच्याच जातीचं कॅस्पेज-७ तिथे आहे आणि तेही पार्प (डीएनए दुरुस्तीतलं प्रथिन) कापतं. ११६ किलोडाल्टनचं पार्प ८९ वर आलं का, ते बघ. डीएनएची शिडी, म्हणजे तुटलेल्या डीएनएच्या पायऱ्यांसारख्या पट्ट्या, मात्र या पेशींत शोधत बसू नकोस, तिला कॅस्पेज-३ लागतं.

माझं एकच मागणं: कापलेला तुकडा दाखव. ३२-३५ किलोडाल्टनला दिसणारं प्रोकॅस्पेज, म्हणजे अजून न कापलेलं निष्क्रिय कॅस्पेज-३, धडधाकट पेशीतही असतं, त्यावरून मरणाबद्दल काहीच कळत नाही. १७५व्या ॲस्पार्टेट या अमिनो आम्लापाशी साखळी तुटते, १७-१९ किलोडाल्टनचा तुकडा सुटतो, तेव्हा कुठे एन्झाइम कामाला लागतं. मला हेकट म्हणतात. म्हणोत. नुसत्या प्रोकॅस्पेजवर शिवलेला निष्कर्ष पुढे कुणीतरी उसवतंच.

तुलनेसाठी जर्काट पेशी (रक्ताच्या कर्करोगाच्या) घे, त्यांना अपॉप्टोसिस घडवणारं स्टॉरोस्पोरिन दे, १ मायक्रोमोलर, ३-४ तास. जेल १५ टक्के. जेलमधली प्रथिनं ज्यावर उतरवतेस तो पडदा ०.२ मायक्रॉनच्या छिद्रांचा, ०.४५ चा घेऊन ट्रान्सफर लांबवलंस तर छोटा तुकडा आरपार जातो. आणि तरंगणाऱ्या पेशी माध्यमासकट ओतून देऊ नकोस गं! मेलेल्या बहुतेक त्यातच असतात. सेंट्रिफ्यूज करून चिकटलेल्या पेशींत मिसळ, मग लायसिस कर, म्हणजे पेशी फोड.

डीईव्हीडी-एएमसी (कॅस्पेजने कापलं की चमकणारं सब्स्ट्रेट) चमकलं म्हणून खूश होऊ नकोस, कॅस्पेज-७ सुद्धा तेच सब्स्ट्रेट कापतं. त्या चाचणीच्या बफरमध्ये ऑक्सिडेशन रोखणारं ताजं डीटीटी घाल, ५ ते १० मिलिमोलर. एन्झाइमच्या सक्रिय जागेवरचं सिस्टीन हे अमिनो आम्ल ऑक्सिडाइज झालं की आकडा पडतो आणि दोष औषधाला जातो.

मग औषधाच्या तासभर आधी झेड-व्हॅड-एफएमके (सगळी कॅस्पेजं रोखणारं रसायन) दे, २० मायक्रोमोलर, शेजारी तेवढ्याच डीएमएसओचं, म्हणजे नुसत्या द्रावकाचं, नियंत्रण. मरण थांबलं तर कॅस्पेजचं नाव घे. नाही थांबलं तर पेशी दुसऱ्या वाटेने गेल्या असतील, तिथे शोध. कॅस्पेज-३ च हवं असेल तर ते जनुक परत घातलेल्या एमसीएफ-७ मिळव आणि दोन्ही शेजारी-शेजारी चालव.

पुढचा ब्लॉट पाठवशील तो अख्खा पाठव, आकार मोजायच्या मार्करसकट. कडा छाटून आलेला मी बघणार नाही.