मोडीचे कागद वाचायला बसताना

मोडी या जुन्या मराठी लेखनाच्या लिपीची बाराखडी लवकर हाती येते, म्हणून जुने कागदही तितक्याच सहज वाचता येतील असे तुम्ही गृहीत धरू नये. आधी ओळभर शिरोरेषा ओढून खाली सलग लिहिण्याच्या या पद्धतीत शब्द सुटे नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा पाळलेला नसतो आणि प्रत्येक कारकुनाचे वळण निराळे असते. त्यामुळे अडलेले अक्षर अंदाजाने दडपून नेण्यापेक्षा तिथे प्रश्नचिन्ह घालावे आणि त्याच हाताने ते आणखी कुठे लिहिले आहे का, हे शोधावे. पुण्याच्या पेशवे दफ्तरात, म्हणजे पेशवेकाळच्या कागदपत्रांच्या संग्रहात, वर्षानुवर्षे बसलेले जाणकारही एखाद्या गावाच्या नावापाशी थबकतात, आणि खरे सांगायचे तर भराभर वाचणाऱ्यांपेक्षा मला त्यांचाच भरवसा वाटतो. पायली-शेर ही धान्याची जुनी मापे ठाऊक नसतील तर अक्षरे लागूनही हिशेब लागत नाही, तेव्हा त्याबाबत गावाकडच्या वडीलधाऱ्यांना निःसंकोच विचारावे.