घंगाळावरची यमुना

प्रश्न असा आला आहे. शनिवार पेठेतला वाडा पाडायला द्यायच्या आधी एका बाईंनी माळ्यावरचं सामान खाली काढलं. त्यात तांब्याचं एक घंगाळ निघालं. काठावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरं आहेत: ‘चि. सौ. कां. यमुना’, मग बरंच काही झिजून गेलेलं, आणि शेवटी ‘शके १८३९’. घरात यमुना नावाचं कोणी कधी नव्हतं. आजी लक्ष्मीबाई, आजोबा नारायणराव. वडील म्हणतात, घंगाळात आंघोळीचं पाणी असतं, म्हणून हौसेनं नदीचं नाव घातलं असेल. काकू म्हणतात, यमाचं नाव आहे, अशुभ असतं, मोडीत देऊन टाका. बाई विचारतात की यमुना म्हणजे नेमकं काय, ते अशुभ आहे का, आणि ही यमुना कोण?

शेवटचं आधी सांगतो. ही यमुना म्हणजे बहुतेक तुमची आजीच.

पुरावा त्या साडेतीन अक्षरांत आहे. ‘चि. सौ. कां.’ म्हणजे चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी. कांक्षिणी म्हणजे इच्छा करणारी. सौभाग्य मिळायचं आहे, अजून मिळालेलं नाही. म्हणून लग्नपत्रिकेत नवऱ्या मुलीच्या नावाआधी ते येतं आणि अक्षता पडल्या की नुसतं ‘सौ.’ उरतं. (हल्ली लग्न होऊन दहा वर्षं झालेल्या बाईंनाही सत्काराच्या पत्रिकेत सौ. कां. लिहितात. नवऱ्यानं काय समजायचं?) तेव्हा हे भांडं लग्नाआधी कोरलेलं, माहेरच्या कोणीतरी लग्नात द्यायला केलेलं. शकात ७८ मिळवा: इसवी सन १९१७, पौष-माघातलं लग्न असेल तर १९१८. आजोबांचं लग्न त्या सुमाराचं असेल, तर वाड्यात ते घंगाळ घेऊन येणारी मुलगी यमुना होती आणि उंबरा ओलांडल्यावर ती लक्ष्मी झाली. वरात घरी आल्यावर लक्ष्मीपूजन होतं, ताटात तांदूळ पसरतात, नवरा अंगठीनं त्यात नवं नाव लिहितो, साखर वाटतात. माणसाचं नाव तांदळात लिहिलेलं, भांड्याचं तांब्यात. तांदूळ त्याच संध्याकाळी डब्यात परत गेले, पण पुढे हाक मारायला तेच नाव चाललं. सासरी आधी नाव ठेवतात, मग नावं ठेवतात. फरक एका अनुस्वाराचा.

यमुना हे नाव ‘जुनाट झालं म्हणून गेलं’ असं सगळे म्हणतात. मला ते अर्धंच खरं वाटतं. जुन्या पुण्यात ते भरपूर होतं, पण दुसऱ्या नावांच्या खाली दडलेलं. दोन उदाहरणं तर अशी आहेत की शाळेतल्या पोरांनाही पाठ असावीत, पण वरची नावं पाठ असतात, खालचं नाही.

डिसेंबर १८७३. महादेव गोविंद रानडे यांची पहिली पत्नी त्याच साली वारलेली. वडिलांनी आग्रहानं दुसरं लग्न लावलं. मुलगी देवराष्ट्र्याच्या कुर्लेकरांची, अकराएक वर्षांची, नाव यमुना. सासरी ती रमा झाली. ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ लिहिणाऱ्या, १८८४ साली हुजूरपागा ह्या मुलींच्या शाळेच्या स्थापनेत हातभार लावणाऱ्या आणि १९०९ साली पुण्याचं सेवासदन उभं करणाऱ्या रमाबाई रानडे त्या ह्याच.

पुढच्याच वर्षी, १८७४ साली, कल्याणच्या जोशांची नऊ वर्षांची यमुना गोपाळराव जोशांना दिली. माहेर-सासर दोन्हीकडे जोशीच, त्यामुळे आडनाव तेच राहिलं आणि पालटलं ते पहिलं नाव. सासरी आनंदी. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात एम.डी. झालेल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बावीसही पुरी झालेली नसताना, इथे पुण्यात गेलेल्या डॉ. आनंदीबाई जोशी. त्यांच्या अस्थी अमेरिकेत, पुकिप्सीला कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत आहेत. गंमत बघा: आनंदी नावाला तेव्हा पुण्यात राघोबादादांच्या आनंदीबाईंमुळे ‘ध चा मा’ चिकटून शंभर वर्षं झाली होती. त्या गोष्टीला पुरावा असो-नसो, पुणेकरांनी ती कधी सोडली नाही. तरीही गोपाळरावांना तेच नाव आवडलं. त्या अर्थानं अशुभ म्हणायचं तर यमुनेपेक्षा आनंदी नावालाच म्हणावं लागेल, आणि त्याच नावानं मराठी मुलींना डॉक्टर व्हायची वाट दाखवली.

सालभराच्या आत दोन यमुना लुप्त. नदीचं नाव सासरी पुसलं जाण्याची ही दोनच उदाहरणं नाहीत. १८७१ साली टिळकांचं लग्न झालं ते लाडघरच्या बाळांच्या तापीशी. ती सत्यभामा झाली. १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांनी पुनर्विवाह केला तो गोदूबाईंशी, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनाच्या पहिल्या विधवा विद्यार्थिनीशी. त्या आनंदीबाई झाल्या, पुढे साऱ्यांच्या बाया कर्वे. यमुना, यमुना, तापी, गोदा. सगळ्या नद्या.

इथे कोणीतरी मनुस्मृती काढणार, म्हणून मीच काढतो. तिसऱ्या अध्यायात ‘नर्क्षवृक्षनदीनाम्नीं’ असा श्लोक आहे खरा: नक्षत्राचं, झाडाचं, नदीचं नाव असलेली मुलगी करू नये. पण म्हणून ही नावं बदलली असं मी म्हणणार नाही. शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांची बायको गंगाबाई होती, सवाई माधवरावाची आई. पेशव्यांच्या घरात, शास्त्रीपंडितांच्या गराड्यात चाललेलं नाव पेठेतल्या कारकुनाच्या घरात का अडावं?

मला दुसरं कारण जवळचं वाटतं. नवऱ्याच्या नावाशी जोडी जुळली पाहिजे. टिळकांना जग बाळ म्हणतं, पण त्यांचं नाव केशव. केशवाला सत्यभामा. रानड्यांचं नाव महादेव, पण त्यांना सगळे माधवराव म्हणत. माधवाला रमा, आणि थोरल्या माधवराव पेशव्यांच्या रमाबाईंचा दाखला पुण्यात होताच. तुमच्या घरी नारायणाला लक्ष्मी. ह्यात तर्क करायलाही फारसं काही उरलेलं नाही. गोपाळराव मात्र ह्या हिशोबात बसत नाहीत. कृष्णाच्या आठ राण्यांत एक कालिंदी आहे आणि कालिंदी म्हणजे यमुनाच. गोपाळाला यमुना आयती जुळत होती! पण हा गृहस्थ जगाच्या हिशोबानं कधी चाललाच नाही, तर नावात काय चालणार. शिवाय सासूचं किंवा जावेचं नाव तेच असेल तर घोटाळा नको, हे साधं कारणही असे. एका घरात दोन यमुना म्हणजे हाक मारली की दोघी ओ देणार.

आता काकूंच्या यमाकडे.

यमुना आणि यम हे नातं खरं आहे, काकूंचं तेवढं बरोबर. दोघं विवस्वानाची, म्हणजे सूर्याची, जुळी मुलं. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात यम आणि यमी यांचा संवादच आहे. पुढे पुराणांत यमी ही यमुना नदी झाली. पण ‘यम’ ह्या शब्दाचा वेदातला एक जुना अर्थ ‘जुळा’ असाच आहे. मरणाची देवता ही त्या जुळ्या भावाची नंतरची नोकरी. जुळा हा अर्थ मराठीत आजही सुखरूप आहे. कवितेतलं यमक म्हणजे अक्षरांची जुळी जोडी. आणि जुळ्यांना आपल्याकडे जावळी म्हणतात, ते संस्कृत यमल शब्दाचं रूप; य चा ज झाला, म चा व झाला. (बाळाचं जावळ वेगळं, त्याचा इथे संबंध लावू नये.) गंगेच्या जोडीनं वाहते म्हणून नदीला हे नाव, असं एक मत आहे. म्हणजे यमुना या नावाचा गाभा मरण नाही, जोडी आहे.

आणि अशुभ म्हणाल तर काकूंनी दिवाळी आठवावी. भाऊबीजेचं पंचांगातलं नाव यमद्वितीया. त्या दिवशी यम बहिणीच्या घरी गेला, तिनं त्याला न्हाऊमाखू घालून जेवू घातलं, म्हणून त्या दिवशी पुरुषानं आपल्या घरी जेवू नये, बहिणीकडे जावं. सगळं जग ज्याला बघून दार लावून घेतं, त्याला पाट मांडून जेवायला वाढणारी ती ही यमुना. मामानं भाचीला लग्नात दिलेल्या भांड्यावर ह्याहून चांगलं नाव कुठलं असणार? (मामा हा माझा अंदाज, झिजलेल्या जागेत ‘मामां’ असं काही लागतंय का पाहा.)

वडिलांचं म्हणणंही अगदीच टाकाऊ नाही. ‘गंगे च यमुने चैव गोदावरि सरस्वति, नर्मदे सिंधु कावेरि’ हा श्लोक घंगाळातल्या पाण्यापुढेच म्हणत. त्यातली सातही नावं मुलींची आहेत, आणि सातही संबोधनं आहेत. वाड्याच्या चौकात उभं राहून ‘गंगेऽ, यमुनेऽ’ अशी हाक मारणारी आई आणि न्हाणीत श्लोक म्हणणारे आजोबा एकच विभक्ती वापरत होते. नदी मात्र लांबची आणि पुण्यवान लागते हं. पुण्यात राहून कोणी लेकीचं नाव मुळा किंवा मुठा ठेवल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. इंद्रायणी चालते, नीरा चालते.

घरात यमुनेची यमू होते, यमे होते, रागावलं की यमी. वैदिक कवींनी वापरलेलं रूप पुण्यातली आई पाठीत धपाटा घालताना वापरत होती, आणि मायलेकी दोघींपैकी कोणालाच ते ठाऊक नव्हतं! शिवरीची किंवा औंधची यमाई मात्र ह्यात ओढू नका. तिच्या नावाची ‘ये माई’ ही लोककथा प्रसिद्ध आहे आणि ते दैवत स्वतंत्र आहे. जमना मात्र हीच. शब्दाच्या आरंभीच्या य चा प्राकृतात ज होतो: यात्रा-जत्रा, योगी-जोगी, युग-जुग. हेमचंद्रानं बाराव्या शतकात प्राकृत व्याकरण लिहिलं, त्यात यमुना, चामुंडा अशा मोजक्या शब्दांसाठी वेगळं सूत्रच आहे. म गळतो आणि नाकातला उच्चार मागे राहतो, जउँणा. उत्तरेत आणि गुजरातेत जमना, जमुना रुळलं. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांच्या पत्नी जमनाबाई, ज्यांनी १८७५ साली सयाजीरावांना दत्तक घेतलं, त्या नावानं यमुनाच. मराठीनं माणसासाठी संस्कृत रूप ठेवलं आणि घरात त्याचं यमू केलं.

कथाकादंबऱ्यांत ह्या नावाचं नशीब फारसं बरं नाही. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचा उल्लेख होतो ती बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’, १८५७ सालची. नावावरून नदीकाठचं प्रवासवर्णन वाटतं. आहे विधवांच्या हालांची गोष्ट, आणि यमुनेलाही वैधव्य चुकत नाही. मग हरिभाऊ आपट्यांनी पुण्यात ‘करमणूक’ साप्ताहिक काढलं आणि त्यातून ‘पण लक्षात कोण घेतो!’ येऊ लागली. तिची नायिका यमू. स्वतःची कहाणी ती स्वतःच सांगते, केशवपनापर्यंत. ज्या शहरात त्या नावाच्या खऱ्या मुली रमा आणि आनंदी झाल्या होत्या, तिथे कागदावर यमू यमूच राहिली. हरिभाऊंनी नाव विचार करून घेतलं की घरोघरी होतं म्हणून घेतलं, हे सांगता यायचं नाही. मला दुसरं जास्त पटतं. पेठेतल्या वाचणाऱ्या बाईला ‘ही शेजारची’ असं वाटायला हवं होतं.

ज्यांचं नाव यमुना म्हणूनच लोकांच्या तोंडी राहिलं अशाही आहेत. सावरकरांच्या पत्नी यमुनाबाई, ज्यांना सगळे माई म्हणत. शंतनुराव किर्लोस्करांच्या पत्नी यमुताई. तिथे तर घरगुती रूपच रूढ झालं. आणि माझ्या लेखी ह्या नावाची सगळ्यात ठणठणीत मालकीण म्हणजे यमुनाबाई वाईकर. वाईच्या, कोल्हाटी समाजातल्या, बैठकीच्या लावणीच्या. बसून लावणी म्हणायची आणि नाचायचं ते चेहऱ्यानं, हातांनी, भुवईनं. २०१२ साली पद्मश्री मिळाली, २०१८ साली शंभरी ओलांडून गेल्या. त्यांच्या नावात गाव आहे, नवरा नाही. तांदळाच्या ताटात त्यांचं नाव कोणी पालटलं नाही, म्हणून ते आईबापांनी ठेवलं तसंच पद्मश्रीच्या यादीत लागलं.

घंगाळ मोडीत देऊ नका. चिंच आणि मीठ लावून घासा, अक्षरांवर मात्र तारेची घासणी नको, ठिपके आणखी बुजतील. बूड उलटंही करून पाहा. तिथे बहुधा वजन कोरलेलं असतं. आणि शकाचा आकडा बोट फिरवून पुन्हा एकदा वाचा. ठिपक्यांच्या अक्षरांत १ आणि ९ सारखेच दिसतात. तो १८३९ नसून १८३१ असेल, तर लग्न आठ वर्षं मागे जातं आणि ही यमुना आजी नाही, आजोबांची थोरली भावजय किंवा आणखी कोणी निघेल.