पाचशे शब्दांचा धंदा

नौपाडा, ठाणे
आषाढ

प्रिय लेखिकाबाई,

मुलांसाठीचं पहिलं पुस्तक स्वतःच काढून वर्ष होत आलं, दुसरं हलत नाही, रोज हजार शब्द लिहायचा नेम केला होता तोही बारगळला, तेव्हा काकू, मी आळशी आहे का, असं विचारतेस. आळशी नाहीस, तुझं माप चुकलंय. पाच-सहा वर्षांच्या मुलांच्या चित्रपुस्तकात मजकूरच मुळी पाचशे शब्दांचा, बरेचदा त्याहूनही कमी. रोज हजार लिहायचे तर रोज दोन पुस्तकं निघतील! कादंबरीवाल्यांचे नेम त्यांना लखलाभ.

आपलं काम डमीवर, म्हणजे पुस्तकाच्या कच्च्या नमुन्यावर मोजायचं. ए-फोरचे ८ कागद घे, एकात एक ठेवून मधोमध दुमड, ३२ पानांची वही झाली. पहिलं पान शीर्षकाचं, दुसरं श्रेयाचं, तिसरं अर्पणाचं, शेवटचं तुझ्या नि चित्रकाराच्या ओळखीचं. उरली २८, म्हणजे समोरासमोरची १४ जोडपानं. गोष्ट काय ती एवढ्यातच. मजकूर छापून घे, कात्रीने तुकडे कर आणि पानापानावर नुसते ठेव, चिकटवू नकोस. मग उभी राहून मोठ्याने वाच. जिथे पान उलटायची घाई होत नाही, तिथे तुझं आजचं काम आहे.

समजा वाक्य आहे, ‘मनू लाल छत्री घेऊन अंगणातल्या डबक्यापाशी गेली आणि तिने जोरात उडी मारली.’ लाल काढ, छत्री काढ, अंगण आणि डबकंही काढ, ते सगळं चित्रात दिसणारच आहे. राहिलं ‘मनूने उडी मारली.’ आणि पान उलटल्यावर ‘धप्प!’ हे ‘धप्प’ त्याच पानावर खाली छापलंस तर मजा गेली. एका संध्याकाळी दहा-बारा शब्द गेले आणि एक शब्द पुढच्या पानावर सरकला, तर माझ्या लेखी दिवस भरला. नेरूळहून ठाण्याला येताना गाडीत लिहायला बसायला जागा मिळत नसेल, मान्य. पण पाचशे शब्द दांडीला लटकून मनात म्हणता येतात. जिथे अडखळशील तिथे पहिलीतलं पोर नक्की अडखळणार, बहुधा एखाद्या जोडाक्षरावर.

नंतर मुलांना वाचून दाखव. भाचरं नकोत, ती तुझ्यावर माया करतात. सोसायटीतली अनोळखी चार पोरं बरी. ‘आवडली का?’ हा प्रश्न वाया जातो, मुलं ‘हो’ म्हणून मोकळी होतात. चुळबूळ कोणत्या पानावर सुरू झाली तेवढं बघ आणि तिथे पेन्सिलीने खूण कर.

आता तुझा वेळ जातो कुठे? तर हमालीत. पाकिटं, पत्ते, शाळांना फोन, ‘ताई, पुस्तक अजून आलं नाही’. या सगळ्याला शनिवार दे, पण बाकीच्या दिवशी त्याला हात लावायचा नाही. स्वस्तातल्या टपालासाठी मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ आहे, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपयांपासून. त्यात कोणती पुस्तकं बसतात याचे नियम आहेत, ते आधी खिडकीवर विचारून घे. आणि दुसऱ्या पुस्तकाच्या एकदम हजार प्रती काढू नकोस. एकगठ्ठा ऑफसेट छपाईत प्रत स्वस्त पडते हे खरं, पण खोकी दिवाणाखाली आली की माणूस लेखक राहत नाही, गोदामवाला होतो. त्यात आपल्याकडची पावसाळी ओल. आधी शंभरेक प्रती डिजिटल छपाईने काढ.

स्वतःचं पुस्तक स्वतः काढतेस म्हणजे प्रकाशकही तूच. त्यामुळे १९५४ च्या कायद्याप्रमाणे कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयासह आणखी तीन ग्रंथालयांना ३० दिवसांत प्रती पाठवायच्या असतात. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, राजा राममोहन रॉय एजन्सीकडून फुकट मिळतो, त्याचे पैसे मागणाऱ्याला दारात उभं करू नकोस. अर्ज चित्रं चालू असतानाच टाक.

चित्रकाराशी मात्र कागदावर बोल. चित्रांचे हक्क तुझ्याकडे हवे असतील तर ते लेखीच घ्यावे लागतात, आणि करारात मुदत लिहिली नाही तर कायदा ती ५ वर्षांचीच धरतो. पैसे टप्प्याटप्प्याने दे: कच्च्या रेखाटनांना काही, रंगीत झाल्यावर काही. मैत्रीण आहे म्हणून करार टाळलास तर मैत्री नि चित्रं, दोन्ही जातात.

वर्षाचं म्हणशील तर १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, १४ नोव्हेंबरचा बालदिन, २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, या दिवसांत शाळा बोलावतात. त्या काळात नवीन लिहायचा हट्ट धरू नकोस, खुशाल वीक. मार्च-एप्रिलमध्ये परीक्षा, कुणाला पुस्तकाची आठवण नसते, तेव्हा पहिला खर्डा. मेमध्ये पोरं घरी, तेव्हा वाचून दाखवणं. छपाई गणपतीच्या आत उरकायची, पुढे प्रेसवाले दिवाळी अंक नि कॅलेंडरात बुडालेले असतात आणि आपल्या शंभर प्रतींना कोणी विचारत नाही.

म्हणून यंदाची दिवाळी सोड. लोक विचारतील, विचारू देत. आत्ता डमी कर, थंडीत चित्रं होऊ देत, पुढच्या पावसाळ्यात प्रेसला जा. घरी बसवत नसेल तर इथल्या मराठी ग्रंथ संग्रहालयात जा, १८९३ पासून आहे ते. मुलांची जुनी पुस्तकं चाळ. कोपरे मुडपलेली, पाठ सुटलेली आधी काढ, कोरी करकरीत तशीच राहू देत.

पुढल्या रविवारी डमी घेऊन ये. वरच्या मजल्यावर दोन जुळी आहेत, सहा वर्षांची, भयंकर चळवळी, त्यांना बोलावून ठेवते. येताना कात्री आण, माझी बोथट झालीये.

तुझी,
काकू