तलावाचा गाळ काढला, तरी मासे आणि पक्षी परत का आले नाहीत? गावानं आता काय करावं?

तुम्ही लिहिलंय की लाखांदूर तालुक्यातल्या तुमच्या मामा (माजी मालगुजारी) तलावाचा दोन वर्षांपूर्वी गाळ काढला, पाणी आता भरपूर थांबतं, पण देशी मासळी जवळपास संपली, अडया (रानबदकं) उतरत नाहीत आणि काठ बेशरमाच्या झुडपांनी भरलाय. मी शेजारच्या गोंदिया जिल्ह्यातला. आमच्या गावच्या बोडीचं, म्हणजे लहान तलावाचं, अगदी असंच झालं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गाळ काढणं म्हणजे तलाव दुरुस्त करणं, हा समजच आम्हाला महागात पडला. जेसीबीनं मुरूम लागेपर्यंत खोदलं. काठाकडून हळूहळू खोल जाणारा उथळ भाग गेला आणि त्या गाळासोबत पाणवनस्पतींचे कंद, बिया, मुळंही वावरात गेली. मरळ, शिंगी यांसारखे मासे वनस्पतींच्या आडोशानं अंडी घालतात, पिल्लं तिथंच लपतात, किडे खाऊन वाढतात. कमळपक्षी तर तरंगत्या पानांवरच घरटं करतो. नुसत्या पाण्याच्या खड्ड्यात यातलं कोण राहणार?

हे आम्हाला कुण्या इंजिनिअरनं सांगितलं नाही, मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजातल्या एका आजीनं सांगितलं. गुडघाभर पाण्यात उभी राहून तिनं पायाच्या बोटांनी तळ चाचपला, मूठभर माती वर काढली, बोटांत चोळली आणि म्हणाली, "इथं गाद होती ना बापू, तुम्हीच ट्रॅक्टरनं वावरात नेऊन टाकली." गाद म्हणजे पाण्यात नळीसारखी उभी वाढणारी हिरवी वनस्पती, तिच्या बुडाशी काळपट कंद असतात. आजी गेली चाळीस वर्षं त्याच पाण्यात मासे धरत आलीय. काम सुरू करण्याआधी तिला विचारायचं आमच्यापैकी एकालाही सुचलं नव्हतं, याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून सगळ्यात आधी ढिवर मंडळींना, त्यातही बायांना, सोबत बसवा. कोणत्या कोपऱ्यात काय उगवायचं, हे त्यांना पाठ असतं. अर्जुनी मोरगावच्या नवतलावावर पतिराम तुमसरे आणि त्यांच्या ढिवर सोबत्यांनी तलावांवर काम करणाऱ्या भंडाऱ्याच्या मनीष राजनकरांबरोबर हेच केलं. ते काम एकदा जाऊन बघा.

बेशरम वैशाखात, पाणी उतरल्यावर, मुळासकट उपटा. कापू नका. आमच्या पोरांनी पहिल्या वर्षी कुऱ्हाडीनं तोडून तिथंच टाकला. ओल्या मातीत पडलेल्या प्रत्येक तुकड्याला मुळं फुटली आणि श्रावणात तो आधीपेक्षा दाट झाला. उपटलेला सगळा पारीच्या (तलावाच्या बांधाच्या) पलीकडे नेऊन वाळवा. मग पहिल्या पावसाआधी उथळ तळ नांगरून भुसभुशीत करा. पाणी चढू लागलं की चांगल्या स्थितीतल्या तलावातून गाद, देवधान (रानभात) आणि हायड्रिलासारख्या पाण्याखालच्या वनस्पती मातीच्या गड्ड्यासकट आणा, ओल्या पोत्यात गुंडाळून, आणि त्याच दिवशी लावा. पहिला पावसाळा तिथं म्हशी उतरू देऊ नका. ठेका असलेल्या मच्छीमार संस्थेशी एक गोष्ट आधीच ठरवून घ्या: ग्रास कार्प सोडायचा नाही. तो मासा वनस्पतींवरच जगतो, सगळी लागवड फस्त करेल.

कायद्याचं म्हणाल, तर 2017 च्या पाणथळ नियमांवर फार विसंबू नका. सिंचनासाठी माणसानं बांधलेले जलसाठे त्यातून वगळलेले आहेत आणि आपले तलाव तर कोहळी समाजानं धानासाठीच बांधले. पूर्व विदर्भातले असे हजारो तलाव 1950 च्या कायद्यानं मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, गेल्यावर सरकारजमा झाले, तिथूनच गावाचा हात सुटत गेला. त्यापेक्षा वनहक्क कायदा, 2006 बघा. तलाव वनहद्दीत असेल, तर मासे आणि पाण्यातल्या इतर उपजांवरचा सामूहिक हक्क त्याखाली मागता येतो. नसेल, तर ग्रामपंचायतीची जैवविविधता समिती जागी करा आणि आजीसारख्यांची माहिती नोंदवहीत उतरवून घ्या. ही माणसं आता थकत चाललीत.

घाई करू नका. आमच्याकडे पहिल्या वर्षी निम्मी लागवड कुजली. दुसऱ्या पावसाळ्यात गाद धरली, तिसऱ्या वर्षी मरळीची लालसर पिल्लं त्या कोपऱ्यात थव्यानं फिरताना दिसली. आजीला बोलावून दाखवली, तर ती बराच वेळ पारीवर बसून राहिली.

रोपं मागायला दुसऱ्या गावी जाताना ढिवरांनाच पुढे करा, त्यांची सोयरीक तिथं असते. आम्हाला ज्या गावानं गाद दिली, त्यांनी पैसे घेतले नाहीत. पुढच्या वैशाखात त्यांच्या तलावातला बेशरम उपटायला आमच्याकडची 20 माणसं गेली होती.