वाचकांचे प्रश्न : आधी नोंद, मग प्रदर्शन

प्रश्न : माझी मुलगी कला-इतिहासात एम.ए. करीत आहे. आधुनिक अरब कलेची क्युरेटर व्हावे, असे तिच्या मनाने घेतले आहे. अशा क्युरेटरचे काम नेमके काय असते आणि माणूस तिथवर पोहोचतो कसा?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : कोणते चित्र कोणत्या भिंतीवर लावायचे हे ठरवणारी व्यक्ती म्हणजे क्युरेटर, असा आपला सर्वसाधारण समज असतो. जिथे चित्रांच्या सूची, पत्रव्यवहार आणि मालकीची कागदपत्रे आधीच्या पिढ्यांनी लावून ठेवली आहेत, तिथे तो काही अंशी चालून जातो. विसाव्या शतकातील अरब कलेच्या बाबतीत मात्र ही कागदपत्रे जमवण्यातच कारकिर्दीची उमेदीची वर्षे जातात. नदा शबूत यांचे उदाहरण पाहिल्यास हे स्पष्ट होईल.

शबूत बगदादमध्ये वाढल्या. वास्तुकला आणि कलेचे शिक्षण घेऊन त्यांनी अमेरिकेत टेक्सासमध्ये पीएचडी केली आणि तिथेच त्या कला-इतिहासाच्या प्राध्यापक झाल्या. 2003 च्या अमेरिकी आक्रमणानंतर बगदादमध्ये जी लूट झाली, तिच्यात प्राचीन सुमेरी वस्तू गेल्याची हळहळ जगभर व्यक्त झाली. परंतु त्याच शहरातील आधुनिक कलेच्या सरकारी संग्रहातील हजारो चित्रे-शिल्पेही तेव्हाच नाहीशी झाली आणि त्याची फारशी वाच्यता झाली नाही. काय गेले हे सांगायचे, तर आधी काय होते हे ठाऊक हवे. जुनी प्रदर्शन-पत्रके, छायाचित्रे आणि चित्रकारांच्या कुटुंबीयांच्या आठवणी यांच्या आधारे ही नोंद नव्याने उभी करण्याच्या कामात शबूत यांनी स्वतःला गुंतवून घेतले. 2010 मध्ये कतारची राजधानी दोहा येथे, एका जुन्या शाळेच्या इमारतीत, ‘मतहफ’ हे आधुनिक अरब कलेचे संग्रहालय सुरू झाले. त्याच्या उद्घाटनाच्या प्रदर्शनाचे नाव ‘सज्जिल’, म्हणजे ‘नोंद कर’, असे होते. त्याच्या क्युरेटरांपैकी शबूत एक होत्या.

आता कलाकृतीच्या जवळ जाऊन पाहू. बगदादच्या तहरीर चौकातील, इराकी शिल्पकार जवाद सलीम यांचे ‘स्वातंत्र्य स्मारक’ सुमारे 50 मीटर लांबीचे असून त्यावर ब्राँझचे 14 शिल्पगट आहेत. ते अरबी ओळीप्रमाणे उजवीकडून डावीकडे वाचायचे असते. डावीकडून सुरुवात केलीत, तर कथा उलटी होते. सलीम पॅरिस, रोम आणि लंडनला शिकले होते, तसेच पुराणवस्तू खात्यात काम करताना त्यांनी असुरी (म्हणजे प्राचीन इराकमधील अ‍ॅसिरियन) शिल्पेही हाताळली होती. त्यामुळे ‘पिकासोचा प्रभाव’ एवढे लिहून थांबणारा क्युरेटर अर्धेच सांगतो. (आपल्याकडच्या ‘प्रोग्रेसिव्ह’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मुंबईच्या आधुनिक चित्रकारांच्या गटाविषयीही असे अर्धे लेखन पुष्कळ झाले आहे.) सलीम यांचे 1961 मध्ये, स्मारक पूर्ण होण्यापूर्वीच, निधन झाले.

बनावट चित्रांचा प्रश्न तर रोजचाच असतो. नोंदी विस्कटल्या आणि बाजारात किंमत वाढली, की खोटा माल येणारच. म्हणून क्युरेटर चित्र उलटे करून पाहतो : मागची लाकडी चौकट, खिळ्यांचा गंज, जुन्या गॅलरीची चिकटवलेली चिठ्ठी. चित्र कोणाकडून कोणाकडे गेले याची साखळी मध्येच तुटत असेल, तर सही कितीही हुबेहूब असली तरी ते भिंतीवर जात नाही.

तुमच्या मुलीने सर्वप्रथम अरबी भाषा शिकावी. मोरोक्को, अल्जीरिया किंवा लेबनॉनकडे कल असल्यास फ्रेंचही हवी. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने 2018 मध्ये अरब चित्रकारांचे जाहीरनामे आणि लेख इंग्रजी अनुवादात प्रसिद्ध केले आहेत, त्यांपासून वाचनाला आरंभ करता येईल. एम.ए.च्या प्रबंधासाठी घरचा विषयही आहे : पंढरपूरला जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांनी 2010 मध्ये कतारचे नागरिकत्व घेतले आणि तिथे अरब संस्कृतीवर चित्रमालिका हाती घेतली. मुंबई आणि दोहा ही दोन्ही टोके जाणणारे अभ्यासक अजून थोडेच आहेत.